औषधाची पिशवी टपावर नको

अशोक विजयादशमी जवळ आली की कोलशेतमधून दीक्षाभूमीला निघणाऱ्या गाड्यांची बोलणी सुरू होतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. रेल्वेचे तिकीट मिळाले नाही तरी चार घरे मिळून गाडी करता येते. पांढरी वस्त्रे, पंचशील ध्वज, पुस्तके आणायला रिकामी पिशवी, सगळे आठवणीने घेतले जाते. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग टपावर दोरीने बांधलेली.

आम्ही प्रथमोपचाराच्या टेबलावर बसतो तेव्हा विचारतो, "गोळी कोणती?" उत्तर येते, "ती पांढरी, बारीक." बीपीची बारीक पांढरी, थायरॉईडचीही तशीच! म्हणून गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी माणसाच्या मांडीवरच्या पिशवीत हवी.

सकाळी इन्सुलिन घेऊन निघायचे आणि जेवण दुपारी दोनला, हे सर्वांत धोक्याचे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. उन्हात बंद गाडीत इन्सुलिन ठेवू नये, बर्फालाही थेट टेकवू नये.

विमानाने नागपूरला किंवा गयेला जाणाऱ्यांनी तर इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. खाली सामानात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. पॉवर बँकही हातातच. कात्री मात्र खालच्या सामानात.

बायकांचे दुखणे वेगळेच. वाटेत शौचालय मिळेल की नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग चक्कर, लघवीची जळजळ. ओआरएसची पाकिटे त्यावर पुरेशी नाहीत. दर दोन तासांनी गाडी थांबेल हे ड्रायव्हरशी आधीच ठरवा. पैसे सगळ्यांचे आहेत, भीड कसली?

आमचे मत स्पष्ट आहे. वर्गणी गोळा करणाऱ्याने नावापुढे आजार, औषध आणि घरचा फोन नंबरही लिहून घ्यावा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. आजार सांगण्यात लाज नाही. आणि गोळ्या मोजताना परतीचे दोन दिवस जास्तीचे धरा.