मानसशास्त्रात एम.ए. करावे का?

बी.ए. झालेले माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक हल्ली हा प्रश्न आम्हाला विचारतात. आमचे मत असे की आवड असेल तर जरूर करावे. पण या पदवीने काय साधते, हे आधी समजून घ्यावे.

नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत त्याच्या जागा मोजक्याच असतात. शिवाय २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयाचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवले. तेव्हा 'घरबसल्या पदवी'च्या जाहिरातींना भुलू नये. आपल्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. घरी राहून शिकल्यास खर्चही आटोक्यात राहतो.

पालकहो, फी भरण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा: प्रात्यक्षिक कोठे होते, मार्गदर्शन कोण करते, आणि मागच्या तुकडीतील मुले-मुली आज काय करतात? उत्तरे गुळमुळीत मिळाली तर दोन वर्षे वाया घालवू नका.

विश्वस्तांनाही विनंती, शाळेत समुपदेशकाचे पगारी पद असावे. शिकलेल्याला काम मिळाले, तरच शिक्षण सार्थकी लागेल; आणि मुलांनाही मनातले बोलायला हक्काचे माणूस मिळेल.