एकजुटीचे बळ

‘बळी तो कान पिळी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. १९४० सालचा युरोपचा नकाशा पाहणारास ती अक्षरशः खरी वाटली असती. नॉर्वे, हॉलंड व बेल्जियम यांनी तटस्थतेच्या भिंतीआड आसरा घेतला होता. हिटलरने ती भिंत दोन महिन्यांत पाडली. पाठोपाठ फ्रान्सही पडला. तरीही पाच वर्षांनी, मे १९४५ मध्ये, त्याच जर्मनीस बिनशर्त शरण जावे लागले. हे कशामुळे घडले?

दोस्तांची संख्या मोठी होती, साधनसंपत्तीही अपार होती, हे खरे. परंतु केवळ बेरजेने युद्ध जिंकता येत नाही, असे आम्हांस वाटते. १ जानेवारी १९४२ रोजी सव्वीस राष्ट्रांनी जाहीरनामा काढला की, आमच्यापैकी कोणीही शत्रूशी वेगळा तह करणार नाही. विजयाचे बीज या प्रतिज्ञेत होते. चर्चिल व स्टालिन यांचे परस्परांवर प्रेम नव्हते. पण एकाचा पराभव दुसऱ्यास परवडणारा नाही, हे दोघेही जाणून होते. अमेरिकेने लाखो मोटारी रशियास पुरविल्या. रशियाने जर्मन सैन्याचा मुख्य भार आपल्या छातीवर झेलला. जून १९४४ मध्ये पश्चिमेस नॉर्मंडीत व पूर्वेस बेलोरशियात एकाच महिन्यात प्रहार झाले.

याउलट जर्मनी, इटली व जपान यांचाही करार होताच. पण मुसोलिनीने हिटलरला न विचारता ग्रीसवर स्वारी केली, आणि हिटलर रशियावर तुटून पडला तेव्हा जपान त्याच रशियाशी तटस्थतेचा करार करून बसला होता.

या विजयात आपल्या माणसांचेही रक्त आहे. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांस गोळीबारातून वाचविले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र ज्या देशाचे ते सुपुत्र, त्याचे नाव त्या जाहीरनाम्यात असूनही तो देश पारतंत्र्यातच होता. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनी सोबत्याचे स्वातंत्र्य नाकारावे, हा त्या एकजुटीवरील डाग लपविण्याचे कारण नाही.

एकजूट नसली म्हणजे काय होते, हे आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भूमीने फार पूर्वीच पाहिले आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ साली इंग्रजांविरुद्ध भोसले व शिंदे एकत्र आले, होळकर मात्र अलिप्त राहिले. असई व आडगाव येथे पराभव होताच डिसेंबरात भोसल्यांनी देवगावी वेगळा तह केला. त्याच महिन्यात शिंद्यांनीही केला. पुढल्या वर्षी होळकर लढले, ते एकटेच! शौर्यात कोणीच कमी नव्हते; उणीव होती ती परस्परविश्वासाची.

विद्यार्थिमित्रहो, २०२३ पासून पांढुर्णा व सौंसर हे एकाच जिल्ह्याचे दोन तालुके झाले आहेत. अवर्षण, अज्ञान, व्यसन हे शत्रूही बलाढ्यच आहेत. शेजाऱ्याचे संकट ते आपले नव्हे, असे म्हणणाऱ्यास हे शत्रू एकेकटे गाठतात. सोबत्याशी मतभेद खुशाल असावेत. पण शत्रूशी वेगळा तह करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.