शेजारच्या कॉलेजशी खेळू द्या!

खेळाडू, पालक, जिमखान्याचे सर-मॅडम आणि संस्थाचालक यांना जाहीर विनंती

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे मूल आहे, त्या प्रत्येकाने पाच मिनिटे काढून हे पत्रक वाचावे. विषय बास्केटबॉलचा आहे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांची दुखणीही हीच आहेत, पण मी मुलुंडचा, बास्केटबॉल खेळत वाढलो, आजही संध्याकाळी मुलांना तोच शिकवतो. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले त्याबद्दल लिहितो.

मुंबई विद्यापीठाच्या एकत्र कुटुंबातून एकेक बिऱ्हाड वेगळे होत आहे. विलेपार्ल्याच्या एनएमआयएमएसला २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१९ साली विद्याविहारला सोमय्या विद्याविहार विद्यापीठ उभे राहिले. त्याच सुमारास शहराच्या दक्षिण टोकाला एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था यांना घेऊन डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले, आणि के. सी. व एच. आर. कॉलेजांचे एचएसएनसी विद्यापीठ झाले. हे इथे थांबणारे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले आहे. उद्या तुमच्या घराजवळच्या कॉलेजची पाटीही बदलू शकते.

वेगळे होण्याला माझा विरोध नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठात निकालांचा जो गोंधळ झाला, तो ज्या घरांनी सोसला त्यांना स्वतंत्र परीक्षा, स्वतंत्र अभ्यासक्रम हवासा वाटला तर त्यांना नावे कोण ठेवील? माझा प्रश्न एवढाच आहे: वाटणी करताना पुस्तके, परीक्षा, फी, पदव्या या सगळ्यांचा हिशेब झाला, तेव्हा मैदानाचा हिशेब कोणी केला?

ज्यांच्या घरात कोणी खेळलेले नाही, त्यांच्यासाठी आधी शिडी कशी असते ते सांगतो. मुंबई विद्यापीठाचे कॉलेज असेल तर त्याचा संघ आधी आपल्या विभागातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. आजूबाजूच्या कॉलेजांशी गाठ पडते, मग दुसऱ्या विभागांतल्या सरस संघांशी. त्यातून निवड चाचणी, चाचणीतून सराव शिबिर, आणि शिबिरातून विद्यापीठाचे बारा जण. हे बारा जण ‘भारतीय विद्यापीठ संघ’ या संस्थेच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातात. तिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठे असतात. तिथले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला जातात, आणि तिथे पहिल्या आठात आलात तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते. कबूल, ही शिडी उंच आहे आणि तिच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत. पण तिची पहिली पायरी आपल्या घराजवळ होती. मुलुंडहून डबा घेऊन निघालेला मुलगा घाटकोपरला सामना खेळून दुपारच्या तासाला वर्गात परत येऊ शकत होता.

कॉलेज वेगळ्या विद्यापीठात गेले की ही पहिली पायरीच नाहीशी होते. त्याचा संघ आता स्वतःच एका विद्यापीठाचा संघ असतो. शेजारच्या कॉलेजशी त्याचा अधिकृत सामना होत नाही, कारण शेजारी दुसऱ्या विद्यापीठाचा. एकदम गाडीत बसायचे आणि परराज्यातल्या एखाद्या मैदानावर पश्चिम विभागात उतरायचे. समोर शंभर कॉलेजांतून निवडून आलेले बारा जण असतात. बाद फेरीत पहिलाच सामना हरला की सामान बांधायचे.

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाचे हेच झाले. भांडुपच्या चाळीतला मुलगा, उंची बेताची, पण चेंडू हातात आला की समोरच्याला कुठून निघून गेला ते कळायचे नाही. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या कॉलेजचा नाही, मांडणीचा आहे. पहिल्या वर्षी तो आंतरमहाविद्यालयीन सहा सामने खेळला आणि त्या सहा सामन्यांत त्याच्या खेळात जो फरक पडला, तो मी चार वर्षे शिकवून पाडू शकलो नव्हतो. मग कॉलेजची व्यवस्था बदलली. दुसऱ्या वर्षी रेल्वेने रात्रभर प्रवास करून तो एक सामना खेळला आणि परत आला. तिसऱ्या वर्षीही एकच. शिक्षण संपले तेव्हा त्याच्याकडे विद्यापीठ खेळाडूचे प्रमाणपत्र होते, आणि त्याची आई मला विचारत होती, "सर, एवढा चांगला खेळायचा ना तो? मग पुढे का नाही गेला?" त्या बाईंना मी काय उत्तर देणार होतो?

सोमय्या संकुलाकडेच पाहा. एका कुंपणाच्या आत अभियांत्रिकी कॉलेज नव्या विद्यापीठात गेले, तर त्याच कुटुंबातले विज्ञान आणि वाणिज्य कॉलेज स्वायत्त होऊन मुंबई विद्यापीठाकडेच राहिले. पार्ल्यात तेच: एनएमआयएमएस स्वतःच एक विद्यापीठ, तर ते चालवणाऱ्याच संस्थेचे मिठीबाई मुंबई विद्यापीठात. घंटा एकमेकांना ऐकू येतात, कँटीनमध्ये मुले एका टेबलावर बसतात, आणि मैदानावर मात्र ती एकमेकांना परकी. स्वायत्त कॉलेज म्हणजे वेगळे विद्यापीठ नव्हे, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. घाटकोपरचे रामनिरंजन झुनझुनवाला, मुलुंडचे वझे-केळकर, गोरेगावचे पाटकर-वर्दे ही स्वायत्त आहेत, पण मुंबई विद्यापीठाच्या शिडीवरच आहेत. आज आहेत. उद्याचे कोणी सांगावे.

मुलींच्या वाट्याला तर हे दुखणे फार जुने आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले, त्याचे उपकार कोणी विसरू नयेत. पण त्याचा एक परिणाम असा की घाटकोपरच्या पी. एन. दोशी महिला कॉलेजच्या मुली एसएनडीटीच्या, आणि त्याच घाटकोपर पश्चिमेला असलेल्या झुनझुनवाला कॉलेजच्या मुली मुंबई विद्यापीठाच्या. दोघी एकाच रस्त्याने भाजी आणायला जातील, पण आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्या कधी समोरासमोर यायच्या नाहीत. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये आधीच संघ कमी. त्या कमी संघांच्याही दोन वाटण्या केल्या तर खेळायचे कोणाशी?

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकवले जाते आणि ते उत्तर पोकळ नाही, म्हणून त्याला टाळून जात नाही. सांगतात की पूर्वी मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतून बारा निवडले जायचे. आता प्रत्येक नव्या विद्यापीठातून बारा. म्हणजे मुलांना संधी वाढलीच ना? नोकरीच्या अर्जाला जोडायला प्रमाणपत्र मिळाले ना? मिळाले, आणि गरीब घरातल्या मुलाला त्या कागदाचे मोल किती असते ते मला ठाऊक आहे. पण पाच जणांनी मिळून खेळायचा खेळ सामन्यांतूनच शिकला जातो. समोरचा संघ झोन बचाव लावून उभा राहिला की काय करायचे, शेवटच्या मिनिटात दोन गुणांनी मागे असताना चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे सरावात कोणीही शिकवू शकत नाही. आमच्या काळी पावसात कोर्ट ओले झाले की दोन्ही संघ मिळून पोत्याने पुसायचे आणि मग एकमेकांवर तुटून पडायचे. घाटकोपरच्या संघातला पाच नंबर डावरा आहे, त्याला उजवीकडे ढकला, हे मुलुंडच्या पोराला तिसऱ्या सामन्यात उमगायचे, आणि चौथ्या सामन्यात तो डावरा उजव्या हाताने लेअप शिकून आलेला असायचा. असा दोघांचा खेळ वाढायचा. पोहणारा किंवा धावणारा घड्याळाशी झुंजू शकतो. बास्केटबॉलवाल्याला शेजारी लागतो.

आणि नुकसान फक्त गेलेल्यांचे नाही. मागे राहिलेल्या छोट्या कॉलेजांचेही आहे. आपल्या उपनगरांत अशी कॉलेजे आहेत की क्रिकेटला मैदान नाही, फुटबॉलला जागा नाही. पण इमारतीच्या मागे अठ्ठावीस बाय पंधरा मीटरचा सिमेंटचा तुकडा आहे आणि एक वेडे सर आहेत. तेवढ्यावर त्यांनी नाव कमावले. त्या कॉलेजांची सगळी पत या एका खेळावर. चांगले प्रतिस्पर्धी एकेक करून यादीतून गळाले की उरलेल्यांतली जीतही फिकी आणि हारही फिकी. मग पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारतो की या कोर्टावर पार्किंग का करू नये.

या आजारावर औषध सापडले आहे, आणि ते अमेरिकेत सापडले. तिथे कॉलेजांचे खेळगट असतात. कोणी कोणाशी खेळायचे ते गट ठरवतो. तिथला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, शिरस्त्राणे घालून खेळायचा तो. त्याच्या टीव्हीच्या पैशांसाठी कॉलेजे गट बदलू लागली. लॉस एंजेलिसचे यूसीएलए बास्केटबॉलमधले मोठे घराणे. ते २०२४ साली दूरच्या गटात गेले, आणि आता त्याच्या खेळाडूंना गटातल्या सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर, जावे लागू शकते. पण त्याच देशात १९७९ साली सुरू झालेल्या बिग ईस्ट या गटातली सात कॉलेजे वेगळी वागली. जॉर्जटाउन, विलानोव्हा, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल, मार्केट आणि डीपॉल. यांचा जीव बास्केटबॉलमध्ये. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी ठरवले की फुटबॉलच्या पैशांमागे फरफटत जायचे नाही, आपल्या खेळाची सोयरीक आपण जुळवायची. जुने नाव घेऊन २०१३ साली आणखी तीन कॉलेजांसह त्यांनी आपला गट नव्याने मांडला. त्यातल्या विलानोव्हाने २०१६ आणि २०१८ साली राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. या फाटाफुटीत वेगळे पडलेले कनेक्टिकट २०२० साली परत आले आणि त्याने २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद नेले. श्रीमंतांचा पैसा आपल्याकडे नाही आणि तो मला नकोही. त्या सातांची समज मात्र हवी: पदवी कोण देते याच्याशी कोणाशी खेळायचे याचा काही संबंध असायलाच हवा असे नाही.

म्हणून आमची मागणी अशी. अंधेरी–बोरिवली आणि घाटकोपर–मुलुंड या दोन पट्ट्यांतल्या आणि लगतच्या पार्ले-विद्याविहारमधल्या सर्व कॉलेजांची, विद्यापीठ कोणतेही असो, एकच उपनगर बास्केटबॉल लीग सुरू करा. मुलांची आणि मुलींची. बाद पद्धत नको, साखळी पद्धत हवी. प्रत्येक संघाला हंगामात निदान आठ सामने मिळालेच पाहिजेत. ती पश्चिम विभागीय स्पर्धेच्या आधी संपवा, म्हणजे मुंबई विद्यापीठाचे निवडकर्ते आणि नव्या विद्यापीठांचे निवडकर्ते एकाच कोर्टाच्या कडेला बसून मुले पाहतील. यासाठी कायदा बदलायला नको, कोणाची संलग्नता मोडायला नको. कॉलेजांचे फेस्टिव्हल होतात तेव्हा कोणत्याही विद्यापीठाचा संघ खेळतोच ना? तेच वर्षभर, शिस्तीने करायचे. २०१४ साली घाटकोपर–वर्सोवा मेट्रो धावू लागली तेव्हापासून मध्य आणि पश्चिम रेल्वेची दोन उपनगरे एकमेकांना इतकी जवळ आली आहेत की घाटकोपरचा संघ कॉलेज सुटल्यावर अंधेरीला सामना खेळून जेवायला घरी येऊ शकतो. रुळांनी जे जोडले ते आपण कागदावर तोडत बसलो आहोत.

पैशाचे म्हणाल तर प्रत्येक विद्यार्थी जिमखाना फी भरतो. ती दर वर्षी कशावर खर्च झाली, ते फलकावर लावा. लीगला लागतात पंच, चेंडू, प्यायचे पाणी आणि प्रवासखर्च. कुठल्याही वार्षिक समारंभाच्या मांडवापेक्षा हे स्वस्त पडेल. नवी विद्यापीठे काढणाऱ्या संस्थांना आमचे हात जोडून सांगणे आहे की तुमच्याकडे चांगली कोर्टे आहेत, तुम्ही पहिले यजमान व्हा. मुंबई विद्यापीठाला सांगणे आहे की गेलेल्यांना घराबाहेरचे समजू नका. १८५७ पासून चालत आलेल्या वडील घराने दार उघडे ठेवले तर कोणाचा मान जात नाही.

पालकांनो, तुमच्याकडे वेळ थोडा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट पंचविशीपर्यंत असली, तरी बहुतेक मुलांच्या हाती पदवीची तीन, फार तर चार वर्षे असतात. त्यातले एक वर्ष एका सामन्यात संपले तर त्याच्या खेळाचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी, खेळाडू म्हणून अर्ज भरण्याआधी, जिमखान्याच्या खिडकीशी उभे राहून विचारा: हे कॉलेज कोणत्या विद्यापीठाकडून खेळते? गेल्या वर्षी तुमचा संघ किती सामने खेळला? शेजारच्या कोणत्या कॉलेजांशी? उत्तर लेखी मागा. नाही मिळाले तर एका कागदावर तुमचा प्रश्न लिहून, तारीख घालून, प्राचार्यांच्या नावे आवक विभागात द्या आणि पोच घ्या.

खेळाडूंनो, तुमच्या संघातल्या बारा जणांच्या सह्या एका कागदावर घ्या. शेजारच्या कॉलेजच्या कर्णधाराला गाठा, त्याच्याही बारा सह्या घ्या. असे दहा कागद जमले की आपण सगळे मिळून ते घेऊन फोर्टला कुलगुरूंच्या कार्यालयात आणि प्रत्येक नव्या विद्यापीठाच्या दारात जाऊ. तोवर थांबू नका. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तुमच्या कोर्टावर शेजाऱ्यांना बोलवा. चेंडू तुमचा, शिट्टी त्यांची.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील काही जुने खेळाडू व पालक यांच्या वतीने

(हे पत्रक वाचून झाल्यावर टाकू नये, पुढच्या घरी द्यावे.)