कोकरांची सूक्ष्म खनिजे : आधी निदान, मग मात्रा

पीकसंरक्षणात एक शिस्त आता रुजली आहे. शेतात किडीची पाहणी करायची, ती आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचली आहे का ते पाहायचे आणि मगच फवारणीचा निर्णय घ्यायचा. हीच शिस्त वाढत्या कोकरांच्या खनिज पुरवणीला मात्र अद्याप लागू झालेली नाही. कोकरू खुरटले की खनिज मिश्रणाची पिशवी सुचवली जाते. तीही बहुधा गाई-म्हशींसाठी बनवलेली.

कमतरता खोटी आहे, असे नव्हे. भिलाई-दुर्ग परिसर भाताचा. जस्ताअभावी भातावर पडणारा खैरा रोग येथील कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. ज्या जमिनीत पिकाला जस्त पुरत नाही, तेथील पेंढा आणि धसकटे यांवर पोसलेल्या कोकरालाही ते कमी पडू शकते : लोकर गळते, त्वचा जाड होते, वाढ मंदावते. कोबाल्ट कमी पडल्यास पोटातील सूक्ष्मजीवांना ब-12 जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मेंढ्यांच्या क्षयासारख्या झिजेचे हे कारण 1935 मध्ये उलगडले. ही झीज जंतबाधेसारखीच दिसते, म्हणून केवळ लक्षणांवरून केलेले निदान फसवे ठरते.

खरा धोका तांब्याचा आहे. मेंढीला प्रतिकिलो शुष्क चाऱ्यामागे साधारण 7 ते 11 मिलिग्रॅम तांबे पुरते. सहनशक्तीची मर्यादा मेंढीसाठी सुमारे 15, तर गाईसाठी 40 मिलिग्रॅम मानली जाते. गरज आणि विषबाधा यांतील अंतर इतके अरुंद असताना गाईचे मिश्रण कोकराला देणे हा जुगार आहे. मोरचुदात सुमारे 25 टक्के तांबे असते. दिवसाला 700 ग्रॅम शुष्क चारा खाणाऱ्या कोकराच्या गरजेच्या तीस पटींहून अधिक तांबे एका ग्रॅम मोरचुदात भरते. जादा तांबे यकृतात आठवडे, महिने साचत राहते आणि एके दिवशी अचानक रक्तात उतरते. कावीळ, गडद लघवी आणि मृत्यू, असा हा क्रम आहे. तोवर कोकरू धडधाकट दिसते.

त्यात इतर वाटांनी येणारे तांबे मिळते. बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेतील गवत, खुरांसाठी केलेले मोरचुदाचे द्रावण, कोंबडीखताचा खाद्यात वापर, यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. कच्छहून छत्तीसगडपर्यंत कळप नेणारा मेंढपाळ गावोगावी बदलत्या चाऱ्यावर जनावरे चारतो. त्याला सर्वत्र एकच मात्रा सांगणे अशास्त्रीय आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. चाऱ्यात मॉलिब्डेनम व गंधक अधिक असल्यास तांबे शरीराला लागत नाही आणि गाभण मेंढीला ते कमी पडले तर कोकरे मागच्या पायांत लुळी जन्मतात. म्हणून सरसकट बंदीही योग्य नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी आधी विष्ठेतील जंतांची अंडी तपासावीत, मग चाऱ्यातील प्रथिने व ऊर्जा पाहावी आणि त्यानंतर खनिजांकडे वळावे. मेलेल्या कोकराच्या यकृताचा नमुना आणि चाऱ्याचा नमुना पशुवैद्यकांमार्फत तपासणीस पाठवावा. भिलाईकरांना अंजोऱ्याचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळच आहे. पिशवीवर ‘मेंढ्यांसाठी’ असे लिहिले आहे का आणि तांबे किती आहे, हे वाचल्याशिवाय ती फोडू नये. पाहणीविना फवारणी वाया जाते. निदानाविना दिलेले तांबे कळप घेऊन जाते.