हुकूम कोणाचा?

2023 च्या सप्टेंबरात क्षमायाचना, डिसेंबरात समर्थन! जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणावर झालेल्या ज्या लाठीमाराबद्दल गृहमंत्र्यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली, तोच बळाचा वापर पुढे विधानसभेतल्या लेखी उत्तरात वाजवी ठरला. वाजवी होता तर क्षमा कशाची मागितली? आणि क्षमा मनापासून होती, तर बायाबापड्यांच्या पाठीवरचे वळ तीन महिन्यांत वाजवी कसे झाले? दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले, हे मान्य. पण महाराष्ट्र विचारतो आहे ते एवढेच : हुकूम कोणी दिला? मंत्रालयातून आदेश नव्हता म्हणे. मग कोठून आला?

जमाव आवरणारी पथके उभारण्यात कोणत्याच सरकारने हात आखडता घेतलेला नाही. राज्य राखीव पोलीस दल 1948 पासूनचे. खास दंगलींसाठी केंद्राने 1992 मध्ये निळ्या गणवेशातले शीघ्र कृती दल काढले. त्याची एक बटालियन तळोज्यात आहे. शिवाय आपली दंगल नियंत्रण पथके. शिरस्त्राणे, ढाली, पाण्याचा मारा करणारे ‘वरुण’, अश्रुधुराची नळकांडी डागणारे ‘वज्र’. काश्मिरात छर्ऱ्यांनी तरुणांचे डोळे गेले, तेव्हा 2016 मध्ये तिखटाच्या ‘पावा’ गोळ्या आल्या. हा सगळा खर्च कशासाठी? बळ पायरीपायरीने वापरता यावे, गोळीपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये, यासाठीच ना? मग उपोषणाच्या मांडवात एकदम लाठी कशी उठते?

ढाल नवी आली, गाडी नवी आली. हुकमाचा धनी मात्र नेहमीच बेपत्ता. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राखीव दलाच्या गोळ्यांनी 10 जण मेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, तरी उपनिरीक्षकाला शिक्षा व्हायला 2009 उजाडले. 2011 मध्ये मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. दर वेळी ‘परिस्थिती हाताबाहेर गेली’ हेच पालुपद. परिस्थिती हुकूम देत नाही, माणूस देतो. जमाव पांगवण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याने किंवा निदान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यायचा, असे 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 129 सांगत होते. म्हणजे नाव असतेच; ते सांगायचे नसते, इतकेच. आणि वर अधिवेशनात बाके वाजवायची!

या लाठीमाराच्या चौकशीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवा आणि हुकूम देणाऱ्याचे नाव त्याच्या हुद्द्यासह जाहीर करा. तोवर ‘वाजवी’ हा शब्द सरकारने तोंडी आणू नये.