जेनिफर केंडल आणि दोनशे खुर्च्या

जेनिफर केंडल हे नाव समाजमाध्यमांवर वर्षातून एकदोनदा फिरते, आणि बहुधा एकाच धाटणीच्या छायाचित्रासह: देखणे शशी कपूर आणि शेजारी त्यांची इंग्रज पत्नी. प्रेमकथा खरी आहे. पण तिच्या आड एका अभिनेत्रीची कारकीर्द झाकली गेली, आणि त्या कारकिर्दीतून निघालेला एक धडाही विस्मरणात गेला. त्या धड्याची सर्वाधिक गरज आज मीरा-भाईंदरला आहे. साउथपोर्टमध्ये जन्मलेल्या नटीचा मीरारोडशी काय संबंध, हे समजण्यासाठी आधी तिच्या वडिलांकडे जावे लागते.

जेफ्री केंडल यांचे मूळ आडनाव ब्रॅग. जन्मगावाचे नाव त्यांनी रंगभूमीसाठी आडनाव म्हणून घेतले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसमोर नाटके करण्यासाठी ते पत्नी लॉरा लिडेल यांच्यासह भारतात आले. पुढे ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या नाटक मंडळीसह ते परतले आणि शाळांची सभागृहे, संस्थानिकांचे राजवाडे, गावोगावची नाट्यगृहे पालथी घालू लागले. सामानाच्या पेट्या, आगगाडीचा प्रवास, मोजकी माणसे आणि एकेका नटाकडे तीनचार भूमिका. गंधर्व नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे जग परके वाटणार नाही. उत्पल दत्त यांच्यासारखा नट याच मंडळीत घडला. १९३३ साली जन्मलेली जेनिफर याच तांड्यात वाढली आणि मंडळीची प्रमुख अभिनेत्री झाली.

इंग्रज मंडळी साम्राज्याचे राज्य संपल्यावरही भारतीय मुलांना शेक्सपिअर दाखवत फिरत होती, यात वसाहतवादाचा वास येतो, असा आक्षेप घेता येतो. तो सरसकट खोडून काढण्याचे कारण नाही. ज्या शाळांनी दारे उघडली, त्यांतल्या अनेक इंग्रजी वळणाच्याच होत्या. मात्र या मंडळींचे पोट साम्राज्याच्या तिजोरीवर नव्हे, तिकिटांवर आणि यजमानांच्या बिदागीवर चालत होते. ती आटली तेव्हा त्यांना कोणी वाली उरला नाही.

ही घसरण पडद्यावर आली १९६५ साली, जेम्स आयव्हरी यांच्या ‘शेक्सपिअर वाला’ या चित्रपटात. जेफ्री आणि लॉरा यांनी त्यात जवळजवळ स्वतःच्याच भूमिका केल्या. धाकटी मुलगी फेलिसिटी त्यांची कन्या झाली. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. ‘ऑथेल्लो’चा प्रयोग ऐन रंगात असताना चित्रपटतारका मंजुला, म्हणजे मधुर जाफरी, उशिराने सभागृहात शिरते आणि प्रेक्षकांच्या माना रंगमंचाकडून तिच्याकडे वळतात. रंगमंचावरचा नट उभाच राहतो.

मुंबईत अशीच कहाणी दुसऱ्या एका घराण्यात घडत होती. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली स्थापलेले ‘पृथ्वी थिएटर्स’ही फिरतेच होते. त्यालाही हक्काची वास्तू नव्हती, आणि १९६० साली तेही बंद पडले. १९५८ साली जेनिफर आणि शशी यांचा विवाह झाला, तेव्हा दोन कलावंतांसह दोन बेघर नाटक मंडळ्यांची सोयरीक जुळली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

चित्रपटाने जेनिफर यांना फार थोडे दिले. भारतीय पडद्यावर गोऱ्या स्त्रीला मडमेपलीकडे भूमिका नसे. ‘बॉम्बे टॉकी’मधली कादंबरीकार, ‘जुनून’मध्ये १८५७ च्या धामधुमीत मुलीला जपणारी आई, सत्यजित राय यांच्या ‘घरे बाइरे’तली मिस गिल्बी: यादी लगेच संपते. पण १९८१ साली अपर्णा सेन यांनी आपल्या पहिल्याच चित्रपटात, ‘३६ चौरंगी लेन’मध्ये, त्यांना व्हायोलेट स्टोनहॅमची भूमिका दिली.

कोलकात्याच्या शाळेत शेक्सपिअर शिकवणारी ही वृद्ध अँग्लो-इंडियन शिक्षिका एकटी राहते. सोबतीला मांजर, त्याचे नाव सर टोबी, शेक्सपिअरच्याच नाटकातले. शाळा तिच्याकडून शेक्सपिअर काढून घेते आणि तिच्या हाती व्याकरण देते. एक तरुण जोडपे तिच्या घराचा एकांतासाठी वापर करते आणि गरज सरल्यावर तिला विसरते. अखेरीस रस्त्यावर ती ‘किंग लिअर’मधल्या ओळी म्हणते, श्रोता एक भटका कुत्रा. पन्नाशीही न गाठलेल्या जेनिफर यांनी हे वार्धक्य रंगवले ते सुरकुत्यांच्या आधारे नव्हे, चालीतून आणि थांबण्यातून. चित्रपटात तिच्या आजारी भावाची भूमिका खुद्द जेफ्री केंडल यांनी केली आहे. श्रोता हरवलेला शेक्सपिअर म्हणजे काय, हे त्या बापलेकीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारासाठी या भूमिकेला नामांकन मिळाले. भारतात त्या वर्षीचा अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘उमराव जान’साठी रेखा यांना गेला.

तरीही जेनिफर यांचे सर्वांत मोठे काम ही भूमिका नव्हे. ते काम तीन वर्षे आधीच उभे राहिले होते.

पृथ्वीराज १९७२ साली वारले. जुहूच्या ज्या जागेवर त्यांना रंगमंदिर हवे होते, तिथे शशी आणि जेनिफर यांनी विश्वस्त संस्थेमार्फत नाट्यगृह बांधले. वास्तुविशारद वेद सेगन. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ‘पृथ्वी थिएटर’ उघडले: सुमारे २०० खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, मध्ये पुढे आलेला रंगमंच. स्वप्न सासऱ्यांचे, पैसा बराचसा शशी कपूर यांच्या चित्रपटांतला, हे मान्यच. परंतु चित्रपटसृष्टीतल्या सर्वांत नामांकित घराण्याने हजार खुर्च्यांचा महाल न बांधता एवढीशी खोली बांधावी, यामागे शाळांच्या सभागृहांत वाढलेल्या मुलीची समज दिसते. मोठे सभागृह भरले नाही की त्याचे भाडेच लहान मंडळीला संपवते. लहान खोली पन्नास माणसांतही ओकी वाटत नाही. आणि इथला दंडक असा, की प्रयोग वेळेवर सुरू होतो आणि उशिरा येणाऱ्याला आत घेतले जात नाही. मंजुला आली असती, तर बाहेरच राहिली असती.

पडदा उघडला तो शेक्सपिअरने नव्हे. पहिले नाटक होते गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत; कलावंतांत नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी मांडणारे मराठी नाटक इंग्रज नटीच्या नाट्यगृहाचा शुभारंभ करते, हे वसाहतवादाच्या आक्षेपाला मिळालेले पुरेसे उत्तर आहे.

मराठी रंगभूमीने हेच शहाणपण थोडे आधी, फार कमी पैशांत दाखवले होते. १९७४ पासून ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी केली. तिथेही राजमहाल नव्हता. शाळा सुटल्यानंतरची एक मोकळी खोली होती.

आता मीरा-भाईंदर. २०११ च्या जनगणनेत ८ लाखांहून अधिक वस्ती असलेले हे शहर. काशिमिरा, घोडबंदर आणि खाडीपलीकडच्या नायगावात मालिकांची चित्रीकरणे चालतात, आणि अंधेरीची भाडी न परवडणारे कितीतरी नट, लेखक, तंत्रज्ञ मीरारोडच्या इमारतींत राहतात. शहरात लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण मोठे नाट्यगृह नाव झालेल्या नाटकांसाठी सोयीचे. दोन नट आणि एक खुर्ची एवढ्या भांडवलावर नाटक करणाऱ्या तरुणाला ते परवडण्याजोगे नसते. म्हणून इथला नट तालमीला अंधेरीला जातो, प्रयोगाला जुहूला, आणि रात्री घड्याळाकडे पाहत विरारकडे जाणारी गाडी गाठतो.

या शहराला आणखी एका भव्य वास्तूची निकड नाही. महापालिकेच्या एखाद्या शाळेचे सभागृह, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, नाममात्र भाड्याने, तीन बाजूंना मांडलेल्या खुर्च्यांसह, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. केंडल मंडळींनी आयुष्यभर याहून अधिक काही मागितले नव्हते.

जेनिफर यांचा मृत्यू ७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये, कर्करोगाने झाला. पृथ्वी तेव्हा जवळपास सहा वर्षांचे होते. पुढे त्यांच्या मुलांनी, संजना आणि कुणाल यांनी, ते सांभाळले. आजही तिथल्या प्रयोगाला मीरारोडहून निघायचे, तर दोन तास हाताशी ठेवावेत. दार वेळेवर बंद होते.