कोरा, पण कोरडा नाही

कोरा चहा हा आपल्याकडे कधीच मानाचा पदार्थ नव्हता. दूध नासलं, मांजरानं तोंड घातलं किंवा पाहुणे अवेळी टपकले, की नाइलाजानं कोरा चहा. ताप आला की गवती चहा, आलं आणि गूळ घालून काढ्यासारखा कोरा चहा. "आज कोराच आहे हं, चालेल ना?" असं ओशाळून विचारत कप पुढे करणाऱ्या कितीतरी जणी तुम्हीही पाहिल्या असतील. दूध नाही, साखर नाही, आलं-वेलची काही नाही, असा चहा कुणी आवडीनं निवडील, हे मी पाहिलं ते इंदूरला.

इंदूरला माझी थोरली बहीण असते. लग्न होऊन ती होळकरांच्या गावी गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. इंदूर म्हणजे अर्धं आपलंच गाव. घरात मराठी, दारात हिंदी. तिची नातवंडं "चहा झाली का?" असं विचारतात, कारण हिंदीतली चाय स्त्रीलिंगी! आपण जिला चहा पावडर म्हणतो तिला तिकडे चायपत्ती म्हणतात. गंमत अशी की नावात पत्ती असली, तरी बहुतेक घरांच्या डब्यात असतात ते दाणेच.

ताईच्या सासरी नऊ माणसं. सासऱ्यांना कडक चहा हवा, सासूबाईंना आल्याचा, दिरांना साखर जास्त, भावोजींना वेलचीचा. सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाशी उरेल तो ताईचा, बहुधा कोमट. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, मुलगा-सून नव्या वसाहतीत राहायला गेली. तीन वर्षांपूर्वी भावोजीही गेले. "एकटीसाठी पाव लिटर दूध घ्यायचं आणि तेही उरायचं. चहासाठी दूध आणते की दूध संपवायला चहा करते, तेच कळेना," ताई सांगत होती.

सियागंज ही इंदूरची किराण्याची घाऊक पेठ. तिथे एका दुकानात ती चहा घ्यायला गेली. दुकानदारानं सहज विचारलं, "माताजी, आपको कैसी पसंद है?" ताई म्हणते, "अगं, मला उत्तरच येईना. घरातल्या आठ जणांची आवड पाठ होती, माझी स्वतःचीच माहीत नव्हती." त्यानं दोन बरण्या उघडून वास घ्यायला दिल्या. एक आसामची पत्ती, एक दार्जिलिंगची. ताईनं दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम घेतल्या.

ती चहा करते ते पाहण्यासारखं असतं. चिनी मातीची किटली आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायची. कपाला एक चमचा पत्ती, वर उकळतं पाणी, झाकण आणि घड्याळाकडे नजर. आसामला चार मिनिटं. दार्जिलिंगला तीनच, आणि पाणीही उकळल्यावर क्षणभर थांबवून घातलेलं. मग लगेच गाळायचा. पत्ती पाण्यात राहिली की चहा कडू होतो. चांगली पत्ती दुसऱ्यांदाही उतरते, जराशी जास्त वेळ ठेवली की झालं.

पहिल्या दिवशी मला तो चहा रिकामा वाटला. तिसऱ्या दिवशी मात्र आसामच्या कपात भाजलेल्या धान्याचा खरपूस वास आला. दार्जिलिंगचा रंग फिकट, पण घोटामागून मनुकांसारखी हलकी गोडी, आणि जीभ किंचित आवळणारा तुरटपणा. सोबत शेव आणि जीरावण घातलेले इंदुरी पोहे! तिखटानंतर असा घोट घेतला की तोंड कसं स्वच्छ होतं.

या चहाला काळा म्हणतात, पण तो दिसतो तांबूस. चिनी लोक त्याला लाल चहाच म्हणतात. 'दोन पानं आणि एक कळी' खुडायची, कित्येक तास सुकवायची, मग वळायची. वळताना पानांतला रस हवेला लागतो आणि कापलेल्या सफरचंदासारखी ती तांबूस होतात. नंतर भट्टीत वाळवायची. आसामात १९३०च्या दशकात पानं चिरडून, फाडून त्यांचे दाणे करणारं यंत्र आलं. तोच आपला सीटीसी चहा. झटपट उतरतो, रंग गडद, दुधाला पुरून उरणारा. आज भारतात बहुतांश चहा असाच बनतो. अख्ख्या पानाचं दार्जिलिंग मात्र २००४-०५मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळवणारं भारतातलं पहिलं उत्पादन ठरलं.

आपल्या आजी-पणजीच्या काळी तर चहाच नवा होता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली आणि केवढं रण माजलं! न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांची नावं त्यात आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे १९३०च्या दशकात जागतिक मंदीत चहा पडून राहू लागला, तेव्हा मळेवाल्यांनी देशभर प्रचार करून आपल्याला चहा प्यायला शिकवलं. महाग पत्ती बेताची, दूध-साखर सढळ, हा मार्ग टपऱ्यांनी आणि घरांनी शोधला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती फार जुनी नव्हे.

ताईच्या सुनेला मात्र हे रुचलं नव्हतं. "आई, लोक म्हणतील, सासूला दूधसुद्धा देत नाहीत!" तिची काळजी खोटी नव्हती. आपल्याकडे दूध ही ऐपतीची खूण. ताई शांतपणे म्हणाली, "लोक आले की त्यांना दुधाचा करीन. माझा मला करू दे." तेव्हापासून त्या घरात दोन डबे आहेत आणि सूनबाईही रविवारी आली की हळूच दुसऱ्या डब्यातला मागते.

कुणाला करून पाहायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. पत्ती पन्नास-शंभर ग्रॅमच घ्या. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर, कारण पत्ती शेजारचा वास पटकन ओढते. जेवणावर लगेच चहा नको. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. तासभर जाऊ द्यावा, विशेषतः रक्त कमी असणाऱ्या बायकांनी. दुधाच्या चहालाही हाच नियम आहे.

दुधाचा चहा सोडा असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात आल्याचा चहा मलाही हवाच असतो. पण तुमच्या घरात जी बाई वर्षानुवर्षं सगळ्यांच्या आवडीचा चहा करते आहे, तिला एकदा विचारा, "तुला कसा आवडतो?" उत्तर लगेच आलं नाही, तर थोडं थांबा. चांगली पत्ती उतरायलाही चार मिनिटं लागतातच.